तरंगणारा दस्ता

इस्तारीच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या, तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या. धिवराच्या घरचा जन्म, तळ्याच्या काठी घर, आणि लाकूड कोरून डोंगा, म्हणजे लहान होडी, करण्यात हात असा की थेट मुलचेऱ्याकडचे लोक विचारत यायचे. नातवाचा पाळणासुद्धा त्यानं आधी तळ्यात सोडून पाहिला, आणि सून कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. दुपारी बांधलेल्या डोंग्यात उताणा पडून तो कमळाच्या पानांकडे बघत राही. झोपलाय की जागा, हे आम्हा शेजाऱ्यांना कधी कळलं नाही. मी तर विचारणंच सोडलं होतं.

एका सकाळी गोकुळा त्याच्याकडे पोत्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आली. एकनळी, तिच्या नवऱ्याची, हेमराजची. हेमराज गेला तेव्हा पीक राखायचा परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायला तिनं चपला झिजवल्या होत्या. तिच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पहाडीवर, जंगलाला चिकटून. लोंब्या भरल्या की रानडुकरं उतरतात, हवेत बार काढला की पळतात. पण अर्ध्या चढातच बंदुकीच्या वजनानं तिचा खांदा भरून येई. दीर धनराज टपलेलाच होता. बाईमाणसाच्यानं जागल होत नाही, बांध्या मला बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दे, हे त्याचं टुमणं. बटईनं गेलेली जमीन विधवेकडे कशी परत येते, ते आमच्या गावानं पाहिलं आहे. येत नाही.

“कापणीपर्यंत राखलं त धान माह्यं,” गोकुळा म्हणाली. “नाई त बांध्या गेल्याच समजा, भाऊ.”

इस्तारीनं बंदूक तळहातांवर तोलली. लोखंडाला हात लावायचा नव्हता. पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता म्हणजे नुसता ओंडका होता. त्यानं जपून ठेवलेलं शिवणीचं हलकं लाकूड काढलं आणि डोंगा कोरतात तसा नवा दस्ता आतून पोकळ करत नेला. मागे झाकण बसवलं. कोरायचा, तळ्यात सोडायचा, पुन्हा कोरायचा. धुक्यात तो गुडघाभर पाण्यात उभा आणि पुढे कमळांमधून दस्ता आपला हळूहळू चाललेला. बघताना मला वाटे, आता यावर एखादा बोटाएवढा माणूस बसेल आणि पलीकडे निघून जाईल. शेवटी दस्ता बदकासारखा वर राहिला तेव्हा इस्तारीला आनंद मावेना. सारं गाव बघून गेलं आणि एकालाही, मला धरून, शंका आली नाही.

त्या संध्याकाळी गोकुळा पहाडी चढली ती माहेरी निघाल्यासारखी. डुकरं आली, तिनं बार काढला. डुकरं पळाली खरी, पण बंदुकीनं मागे असा धक्का दिला की ती मचाणावरच उताणी पडली. खांदा काळानिळा झाला. सकाळी धनराज अंगणात येऊन, आता तरी ऐक, म्हणून गेला.

इस्तारीला ते फार लागलं. डोंगा कधी माणसाला मागे ढकलत नाही, म्हणून बंदूक जितकी हलकी तितकी तिची लाथ जोराची, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवसभर तो डोंग्यात पडून होता, पण त्या दिवशी तो जागा आहे हे मलाही कळलं. ऊन उतरल्यावर त्यानं आपलं फेकजाळं मांडीवर घेतलं आणि काठाला ओवलेले शिशाचे मणी कापायला लागला. मण्यांशिवाय जाळं तळाशी जात नाही, म्हणजे त्याची मासेमारी बंद. मी तसं बोलून दाखवलं तरी तो कापतच राहिला. मणी चिंधीत आवळून त्यानं दस्त्याच्या पोकळीत गच्च बसवले, झाकण लावलं आणि बंदूक गोकुळाच्या घरी नेली.

तिनं ती उचलली आणि तिचा चेहरा उतरला. “हे त पयलेसारखीच झाली. मी चढू कशी?”

“मणी आता काढून घे,” इस्तारी म्हणाला. “ओटीत बांध. मोह वेचून आणतेस, तसं. मचाणावर गेली का मंग आत भर.”

गोकुळानं तिथंच मणी ओटीत बांधून पाहिले. मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत याच्या कितीतरी पट वजन ती कमरेला बांधून गप्पा मारत पहाडी उतरते.

खांदा बरा झाल्यावर ती पुन्हा वर गेली. इस्तारी आणि मी तळ्याच्या पाळीवर बसलो. पहाडी निळी होत होत आभाळात मिसळायला लागली, पाणी इतकं थांबलेलं की श्वासही मोठा वाटावा. मग बार झाला. एक बार तर पडली त्या दिवशीही तिनं काढला होता. उताणं पडलेलं माणूस दुसरा काढत नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला तर देव आठवले. आणि दुसरा बार झाला. इस्तारी रडला, आणि मी तळ्याकडे बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर ती रोज चढत राहिली. लोंब्या पिवळ्या होऊन वाकल्या. एका सकाळी धनराज विळा घेऊन तिच्या दारात आला, मान खाली घालून.

“वयनी, तुह्या धानाले कोणत्या दिवशी हात लावाचा?”

तुह्या, म्हणाला तो. मी कुंपणापलीकडून माझ्या कानांनी ऐकलं.

“परवा ये,” गोकुळा म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.