बंदूकवाल्यांची सून

शिंदखेड्याकडच्या त्या गावात योगराजचं आडनाव कोणी विचारत नाही. ‘बंदूकवाले’ म्हटलं की पुरतं. रूपाचं स्थळ ठरलं तेव्हा जळगावहून आलेल्या तिच्या वडिलांना आधी चहा दिला, मग बंदूक दाखवली. मुलगा काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

बंदूक सासऱ्यांची, चुडामण आबांची. आबा धुळ्यातल्या एका बँकेत गार्ड होते. बारा बोरची दुनळी, परवाना त्यांच्या नावावर. नोकरी सुटली, बँक धुळ्यातच राहिली, बंदूक घरी येऊन बैठकीतल्या खुंटीवर बसली.

पुढे आबांच्या डोक्यातून एकेक माणूस उठून जायला लागला. गेलेली बायको जिवंत झाली, जिवंत मुलगा अनोळखी झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. म्हणाले, गॅस बंद ठेवा, गाडीची किल्ली लपवा, आणि घरात हत्यार असेल तर ते सगळ्यात आधी बाहेर काढा.

योगराजनं डॉक्टरांचं अक्षरशः ऐकलं. विळीसुद्धा माळ्यावर गेली. रूपा कित्येक दिवस भेंडी हातानं मोडत होती. बंदूक मात्र खुंटीवरच.

“अहो, ती?”

“ती हत्यार थोडीच आहे? ती आपली इज्जत आहे.”

एका दुपारी रूपा गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आली, तर उंबऱ्यात आबा. हातात बंदूक, नळीचं तोंड तिच्या पोटाकडे.

“लाईनमा उभी ऱ्हाय.”

रूपा उभी राहिली. लाईनीत ती एकटीच होती. नळीची दोन काळी भोकं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या मागचे आबांचे डोळे त्यांच्याइतकेच रिकामे होते. तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई विरजण मागायला आल्या. आबांनी त्यांनाही तिच्या मागे उभं केलं.

“काय वाटी ऱ्हायनात वो?” वच्छलाबाईंनी रेशनच्या रांगेत असल्यासारखं हळूच विचारलं.

“हलू नका,” रूपा पुटपुटली.

बँक बंद व्हायची वेळ आबांच्या मनात झाली, तेव्हा दोघी सुटल्या.

संध्याकाळी योगराज पोट धरून हसला. “रिकामी आहे गं ती!” असं म्हणून त्यानं बंदूक मधोमध मोडून, उघडून दाखवली, तर लाल काडतूस त्याच्या तळहातावर घसरलं. हसू थांबलं. बाकीची काडतुसं शोधायला घर उलटंपालटं केलं. दोन तुरीच्या डाळीत निघाली. एकूण किती होती ते फक्त आबांना ठाऊक होतं, म्हणजे कोणालाच नाही.

मग योगराजनं निर्णय घेतला. कपाट करायचं, काचेचं.

“लोखंडी करा, कुलपाचं,” रूपा म्हणाली.

“मग दिसणार कशी?”

सुतार माप घेऊन गेला आणि निवडणूक लागली. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. आबांच्या डोक्यातून पोरंबाळं पुसली गेली होती, पण आचारसंहिता शाबूत होती. त्यांनी मुकाट्यानं बंदूक दिली. त्या काळात सगळा तालुका भोंग्यांनी हैराण होता. एकटी रूपा देवाला हात जोडायची की निकाल लागू नये.

बंदूक नव्हती, तरी दिवस मावळला की आबा फाटकाशी जाऊन उभे राहायचे. “पंडित उना नही आजून.” दोन-तीनदा ऐकल्यावर रूपानं नवऱ्याला विचारलं, आबा रोज वाट बघतात तो पंडित कोण?

“बँकेतला दुसरा गार्ड. तो आल्यावर आबा बंदूक त्याच्या हातात देऊन घरी यायचे. मेला तो, वर्षं झाली.”

रूपानं फाटकाशी उभ्या आबांकडे बघितलं. म्हणजे हा माणूस घरी आलेलाच नाही. त्याला कोणी सोडलेलंच नाही.

निकाल लागला. निवडून आलेल्या सदस्याचा सत्कार योगराजच्याच घरी ठरला आणि फोटोत मागे बंदूक हवी होती. सहीला आबा लागणार, आबांना सांभाळायला रूपा. तिघं ठाण्यात गेले.

वना हवालदारांनी बंदूक आणून दिली. आबांनी ती मोडली, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या, खट्कन मिटली. हातांना सगळं आठवत होतं.

“बघ! कसला आजार?” योगराजनं मोबाईल काढला.

आबा चालत साहेबांच्या खोलीच्या दारात गेले. फाईल घेऊन येणाऱ्या शिपायाच्या छातीवर नळी टेकवली. “लाईनमा.” मग नळी वळली ती आत, थेट साहेबांवर. रिकाम्या बंदुकीसमोर साहेबांना टेबलाखाली जाताना सगळ्यांनी बघितलं. घरात सुनेवर रोखलेली बंदूक हा घरगुती प्रश्न होता. इथं तो कायदा-सुव्यवस्थेचा झाला.

रूपा हवालदारांच्या कानाशी गेली. “दादा, दोन मिनिटं तुमचं नाव पंडित.”

“माझं नाव वना आहे, ताई.”

“ते बँकेतले गार्ड, दुसऱ्या पाळीचे. उशीर झाला म्हणा आणि बंदूक मागा.”

“पंडित कुठे आहे मग?”

“वारला.”

“मेलेल्यांच्या नावानं मतदान बघितलं, ताई. ड्युटी पहिल्यांदाच बघतोय.” पण टेबलाखालून साहेबांचा आवाज आला तसे हवालदार पुढे सरकले. “आबा, मी पंडित. उशीर झाला.”

“कितला टाईम करा रे भो!” आबांनी मनसोक्त झापलं. मग बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून दिली आणि सलाम ठोकला.

साहेब बाहेर आले, टोपी सारखी केली. “परवाना सोडून बंदूक कायमची जमा करायचा अर्ज लिहून घ्या. ही बंदूक पुन्हा त्या घरात दिसली तर मुलाला आत टाकीन.”

“साहेब, मी तर हिला केव्हापासून तेच सांगतोय,” योगराज म्हणाला.

आबांनी सही ठोकली. बाहेर बाकावर बसले आणि पाय लांब केले. खांदे असे खाली आले, जणू कोणी आतून पट्टा सोडला. मग त्यांनी रूपाकडे बघितलं.

“तू कोन शे वो माय?”

“मी रूपा. तुमची सून.”

“बरं. बस,” आबा म्हणाले. “ड्युटी सरनी. आते माले कोनलेच इचारानं काम नही.”