लाल फुलीची होडी

मोगरीआत्याच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. होडीच्या फळ्यांमधल्या फटींत मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकून कापूस भरायचा, हे तिचं चाळीस वर्षांचं काम. मोगरी कायम कमरेला, म्हणून हे नाव. नवऱ्याने एकदा ती गंमत म्हणून लपवली, तर बिचाऱ्याला दोन दिवस स्वतःच्या हातचं जेवावं लागलं.

वादळाने अकरा होड्या उचलून थेट शाळेच्या भिंतीपाशी आणून टाकल्या. त्यात एक आत्याच्या धाकट्या भावाची. बारा दिवस त्या उन्हात पडून होत्या. मग बंदर कचेरीचे साहेब आले, "फटींतून पलीकडचं दिसतंय," म्हणाले आणि भावाच्या होडीवर लाल फुली मारून गेले. फुली म्हणजे सोमवारी मशीन येणार, तुकडे करणार.

भावाने हायच खाल्ली. "ताई, संपलं गं सगळं."

"संपायला होडी आहे की साबण? अरे, लाकूड सुकलंय, मेलं नाहीये! पाणी प्यायलं की फुगेल, फटी मिटतील."

गुरुवारी तिने होडीखाली वाळूच्या गोण्या लावल्या, फटींत कापूस ठोकला आणि शाळेच्या नळावरून बादल्या आणून होडीत ओतायला लागली. वरून ओतलेलं खालून रस्त्यावर. बघे जमले.

"आत्या, होडी पाण्यात ठेवतात, पाणी होडीत नव्हे!" चहावाला खिदळला.

"तू आधी चहात दूध घालायला शिक, मग मला शिकव."

शुक्रवारीही गळती तशीच. शनिवारी तिचे हात सुजले, बादली उचलेना. मनातून तीही हादरली होती, पण ते चेहऱ्यावर दिसू दिलं तर ती आत्या कसली! तेव्हा भाऊ उठला आणि बादली घेऊन नळाकडे गेला. रविवारी होडीखालचा रस्ता वाळायला लागला.

सोमवारी मशीन आलं, मागोमाग साहेब. आत्या मधे उभी.

"बाई, बाजूला व्हा. कागद झालाय."

"कागदाला समुद्रात जायचं नाहीये. खालून हात फिरवा."

साहेब वाकले. आत गुडघाभर पाणी. बाहेर फळी ओलसर, पण एक थेंब गळेल तर शपथ. त्यांनी दुसऱ्या बाजूनेही चाचपून पाहिलं.

"बरं, फुली रद्द," ते पुटपुटले. "पुसायला माणूस पाठवतो."

आत्याने रंग खरवडायचा पत्रा त्यांच्या हातात ठेवला. "मारताना माणूस लागला नव्हता, साहेब."

साहेबांनी बाह्या दुमडल्या. भावाने त्यांना बसायला बादली पालथी घालून दिली.