तुळशीच्या कुंडीखालची किल्ली

माझी वहिनी सिंधू बँकेत काम करते, मुंगीला वाट देईल इतकी गरीब. पण समोरच्या शशांकला तिने कसं सरळ केलं ते मी पाहिलंय, आणि मला भारी आनंद झालाय!

दसऱ्यात आमच्या जयलक्ष्मीपुरमला घरोघर गोंबे, म्हणजे कानडीत बाहुल्या, मांडतात. पोरं दारोदार बघत फिरतात. त्यांना चकली मिळते, कुणी हाकलत नाही. वहिनीची स्पृहा, दुसरीतली, शशांककडे गेली. हा मेला रीलवाला! चकली देऊन त्याने कॅमेरा धरला.

"स्पृहा, आई बँकेत गेल्यावर घरी कोण असतं गं?"

"आत्या. चारला ती शिवणक्लासला जाते, मग मी एकटीच! जास्तीची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असते."

चाळीस हजार लोकांनी ते रील पाहिलं. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला फाटकाशी एक अनोळखी माणूस, "स्पृहापुट्टा, बाळा, आई आली का?" पोरीने आतून कडी लावली, म्हणून वाचली. मी आले तेव्हा ती पलंगाखाली होती. "आत्या, त्याला माझं नाव कसं माहीत? शशांकमामाच्या फोनमध्ये तर मी आणि मामाच होतो."

वहिनीने आधी कुलूप बदललं, मग रील काढून टाक म्हणून सांगायला शशांककडे गेली. तो हसला. "अय्यो अक्का, व्ह्यूज येतायत, सुम्ने, उगाच कशाला काढू?"

वहिनी घरी आली. मला म्हणाली, "बघच आता."

संध्याकाळी ती स्पृहाला घेऊन पुन्हा त्याच्या बाहुल्या बघायला गेली. फोन स्पृहाच्या हातात. "मामा, तुमची किल्ली कुठे असते? घरी कुणी कधी नसतं?" कॅमेरा दिसला की हा फुलतो! "चपलांच्या कपाटात, लाल बुटात. बुधवारी सगळे देवळात, सहा ते आठ."

दहा मिनिटांत ते गल्लीच्या ग्रुपवर. त्याच्या अम्माने त्याला सगळ्यांदेखत जे झाडलं, ते ऐकून माझ्या जिवाला गारवा मिळाला. पांढराफटक होऊन तो आमच्या दारात आला. "अक्का, मी रील काढून टाकलं. आता तुमचंही काढा ना!"

स्पृहा पुढे झाली. "मामा, तुम्ही काढलंत, मग तो माणूस आता माझं नाव विसरला?"

शशांक जायला वळला.

"तिला उत्तर दे," वहिनी म्हणाली, "मग मी काढते."

उत्तर घेऊन तो अजून आलेला नाही.