हार्लेमचा डावखुरा पिचर

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या त्या बेसबॉलच्या मैदानावर जूनमध्ये संध्याकाळ संपायचं नावच घेत नाही. जेवणं होतात, भांडी होतात, तरी आभाळ आपलं केशरी दुधासारखं. समुद्राकडून वारा येतो. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू समोरच्याच्या जाड ग्लव्हमध्ये शिरेपर्यंत मधे जे काही असतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. डोळा लागण्याच्या आधी एक क्षण असतो ना, तसं काहीतरी.

मी तिथे चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन धरून बसायचो. नववीत शाळा सुटलेला माणूस. बायकोला इथे आयटीतली नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मी आलो. ती ऑफिसला गेली की सायकलवर भटकायचो, आणि एकदा या मैदानाच्या कुंपणाशी थांबलो तो थांबलोच. आत एक डच म्हातारे गृहस्थ बसले होते, अमेरिकेतल्या एका क्लबासाठी पोरं हेरणारे. गुडघ्यांमुळे त्यांचं गाडी चालवणं सुटलं होतं. "लायसन आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. शिक्षण विचारलं नाही. त्याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. आणि कधीतरी विचारतील ही धाकधूकही गेलेली नाही. घरी आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो.

तिकडे अमेरिकेत हौशी पोरांची वर्षातून एकदा निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. इथल्या पोरांना क्लब थेट करार देतात. त्यामुळे दुसऱ्या कोणाची नजर पडायच्या आत आम्ही पोहोचायचं. आधी खेळ बघायचा, मग घरी जाऊन आईबाप बघायचे. बापाचे खांदे, आईची उंची. पोरगं अजून किती भरेल याचा अंदाज येतो. मग आईला विचारायचं, मुलगा कसा आहे? "आया फुगवून सांगतात," आजोबा म्हणायचे. "निम्मं वजा करायचं."

त्या वर्षी एक डावखुरा पोरगा दिसला. सतरा-अठराचा, लांब बोटांचा. चेंडू टाकताना अंगाला घाईच नाही, पाण्यात हात फिरवावा तसा. खेळ संपल्यावर कुंपणापलीकडून त्याच्या आईची हाक आली, "अरे, जॅकेट घाल आधी!" मी गर्रकन वळून बघितलं. आपली भाषा! पोरानं डचमध्ये काहीतरी उत्तर दिलं आणि जॅकेट नाहीच घातलं.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी. दारात बूट काढले, आजोबांनीही, भिंतीला धरून. पोहे आले. पोरगा सरावाला गेला होता. आजोबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तशी आई हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "छे हो, त्याचं काय कौतुक! आळशी आहे. जरा काम सांगा, की खांदा दुखतो म्हणून रडगाणं. आणि हे खेळाचं वेड चार दिवसांचं आहे."

बापानं मान डोलावली. "आमच्याकडे कोणी खेळाडू झालेलंच नाही."

आजोबांचा चमचा थांबला. मला तो थांबलेला दिसला, त्या दोघांना नाही. मी पोह्यांत डोकं घालून बसलो.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "संपलं. पिचर आणि दुखरा खांदा. आईच सांगते आहे."

मी गाडी सुरू केली. कालव्याच्या कडेनं एक बगळा उभा होता. पाणी, झाडं, सगळं कसं शांत. बोललो, तर म्हणतील, आपल्या माणसाची बाजू घेतो. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर. नाही बोललो, तर तो पोरगा गेला.

मी गाडी बाजूला घेतली. "आमच्यात आई परक्यासमोर मुलाला चांगलं म्हणत नाही. दृष्ट लागते. जितका जीव जास्त, तितकी नावं ठेवते."

"तुझे लोक म्हणून सांगतोस?"

"माझे लोक म्हणूनच मला कळतं."

मला काय सुचलं कोण जाणे, मी बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आजोबा विचारतायत, मी कसा आहे?"

ती जरा दचकली. मग एकदम साहेबाशी बोलायच्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "सर, त्याला काही येत नाही. फार धांदरट आहे. तुम्हीच सांभाळून घेता, म्हणून चाललंय." आणि लगेच मराठीत, "काय झालं रे? काढलं का कामावरून?"

"नाही गं. घरी येऊन सांगतो."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मी धांदरट आहे की नाही, हे शेजारी बसून बसून त्यांना चांगलंच ठाऊक होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग मी इतकी वर्षं कोणाकोणाचं काय वजा केलं असेल?" आणि हातानंच खूण केली, गाडी वळव.

पोरगा मैदानावरच होता. आजोबांनी खांद्याचं थेट त्यालाच विचारलं.

"हिवाळ्यात सायकलवरून पडलो होतो," तो म्हणाला. "आठवड्यात बरा झाला. आई विसरतच नाही."

"टाकून दाखव. आणि डॉक्टरांनाही दाखवू."

त्यानं टाकायला सुरुवात केली. मी गन धरली खरी, पण आकडे स्वतःच बघायचे म्हणून आजोबांनी ती माझ्याकडून काढून घेतली. मग मी नुसता बघत बसलो. चेंडू यायचा, ग्लव्हचा आवाज व्हायचा, पोरगा पुन्हा हात वर न्यायचा. उजेड तसाच. बऱ्याच वेळानं आजोबांनी गन मांडीवर ठेवली, खिशातून फोन काढला आणि अमेरिकेतल्या साहेबांना पोराचं नाव सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, दोनदा.

गाडीकडे येताना मी विचारलं, "त्याच्या आईला कळवायचं?"

"तू कळव," ते म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं."