बिळातलं बी

आमच्या वाडीत शिळं म्हणून काही उरायचं नाही. बापानं ओढ्यातले खेकडे आणले, रानातले करांद्याचे कंद आणले, नाहीतर मधाचं पोळं उतरवलं, तरी दिवस मावळायच्या आत त्याचे वाटे पडायचे. ज्या घरची चूल पेटली नसेल तिथे पहिला वाटा जायचा आणि आमच्या घरात सगळ्यात लहान राहायचा. आई चिडायची. बाप म्हणायचा, "आणणाऱ्यानं शेवटाला घ्यायचं." एवढं बोलून तो उरलेलं मिटक्या मारत खायचा.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची ही कातकरीवाडी. मी आता तिथेच अंगणवाडी चालवते. माझ्या लहानपणी वाडी अर्धं वर्षच भरलेली असे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि सगळी घरं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. माझी शाळाही दरवर्षी दिवाळीलाच तुटायची. मला शाळेची आवड होती, आणि भट्टीवरच्या चिखलाचा मला मनापासून तिटकारा होता.

मी पाचवीत असताना आम्हाला वनहक्कात ओढ्याकाठचा एक तुकडा मिळाला. आईनं जन्मभर खालच्या गावात दुसऱ्याच्या शेतात लावणी केली होती. तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं, फक्त जमीन नव्हती. तिनं लगेच हिशेब मांडला: भात पिकलं की बियाणं ठेवायचं, आणि घरात बियाणं असलं की ते राखायला कुणाला तरी मागं राहावंच लागतं. मग ती आणि मी राहू, बाप एकटा भट्टीवर जाईल, आणि माझी शाळा पुरी होईल. माझं सगळं त्या भातावर होतं.

बापाला हे पटत नव्हतं. "चार महिने गवताकडं बघत बसायचं? रानात कुणी पेरायला गेलं नाय, तरी आपून कदी उपाशी झोपलो नाय."

"झोपलो की," आई म्हणाली. "तुला तेवढं आठवत नाय."

ज्या शेतकऱ्याकडे आई लावणीला जायची त्यांनी पहिलं बियाणं दिलं, आणि पुढच्या वर्षी मागायला आलीस तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही, असं हसत हसत बजावलंही. भात छान आलं. बाप कामाला वाकायचा, पण त्याचं मन बांधावर फिरायचं. बांधाला उंदरांची बिळं दिसली तेव्हा आई ती बुजवायला धावली, तर त्यानं तिला अडवलं. "ऱ्हाऊ दे. मी बघतो त्यांच्याकडं." काय बघितलं कुणास ठाऊक, उंदीर मजेत लोंब्या तोडून नेत राहिले आणि आई धुसफुसत राहिली.

झोडणी झाली. खडकावर सोन्यासारखी रास पडली. आई अंगाला चिकटलेलं भाताचं कुसळ धुवायला ओढ्यावर गेली आणि तेवढ्यात बापानं नेहमीचं काम केलं. राशीचे वाटे घातले. आई ओल्या केसांनी परत आली तेव्हा घराघरांतून कांडण्याचा आवाज येत होता आणि आमच्या सुपात रात्रीपुरतं भात होतं.

"बी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कसलं बी?" बाप म्हणाला. त्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. "समदी जेवतील गो आज. आख्खी वाडी."

सगळी जेवली. म्हाताऱ्यांनी आईच्या डोक्यावरून हात फिरवले, त्यामुळे तिला भांडताही येईना. मीही पोट फुगेपर्यंत भात खाल्ला आणि मग आडोशाला जाऊन रडले. बापाचा राग आला होता. तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं, निदान मोकळेपणी शिव्या तरी देता आल्या असत्या. बियाणं विकत घ्यायला पैसे हवे होते, आणि पैसे मिळायचे ते भट्टीवरच, म्हणजे पुन्हा सगळ्यांनीच जायचं. मी बापाला सांगितलं, "मी गाडीत बसणार नाय." आई तर त्याच्याशी बोलायचीच थांबली होती.

गाडी यायला थोडे दिवस उरले होते. एका सकाळी बापानं पहार उचलली आणि मला म्हणाला, "टोपली घे." आम्ही आमच्याच शेतात गेलो. तो बांधाशी बसला, मातीला हात लावला, बिळाचं एक तोंड दगडानं बंद केलं आणि दुसरीकडून खणू लागला. हात दीड हात आत गेल्यावर पोकळी लागली. आत लोंब्या होत्या, एकावर एक रचलेल्या, कोरड्या आणि भरलेल्या. एक बीळ झालं, मग दुसरं; बाहेर पळणारे उंदीर तो पटापट धरून मारत गेला. इतके दिवस त्यानं उंदीर का राखले ते मला तेव्हा कळलं. त्याच्या लेखी शेतातलं खरं पीक तेच होतं.

टोपली बघून आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "उंदरानं फुडची सोय केली. माझ्या घरच्या कर्त्याला नाय सुचली." आणि ती हसली. बापही हसला, जरा कसनुसा.

तोवर अंगणात वाडी जमली होती. बापानं उंदरांचे वाटे घातले. हो, आम्ही उंदीर खायचो, आणि शेतातला उंदीर चांगला लागतो. ज्याला नाक मुरडायचं त्यानं मुरडावं. मग शेजारच्या म्हातारीनं लोंब्यांसाठी पदर पुढे केला. बापाचा हात सवयीनं टोपलीकडे गेला आणि तिथेच थांबला. जन्मात त्यानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"ह्ये खायाचं नाय, आये," तो खाली बघत म्हणाला. "ह्ये ठेवायचं हाय."

म्हातारीनं पदर झटकून खांद्यावर घेतला. "ठेव. पन तू भट्टीवर गेलास म्हंजे राखील कोन?"

"ह्या दोघी," बाप म्हणाला.

आता आमच्या वाडीतली बरीच घरं हिवाळ्यातही उघडी असतात, दोघंतिघं रोज महाडला कंपनीत कामाला जातात, माझ्या अंगणवाडीत बारा महिने पोरांचा कलकलाट असतो. वाटे अजूनही पडतात, पण बियाण्याला कुणी हात लावत नाही.

त्या वर्षी गाडी आली तेव्हा आईनं ते बी पेंढ्यात बांधून, धुरानं कीड लागू नये म्हणून, चुलीवर टांगलेलं होतं. बाप मागच्या फळीला धरून उभा होता. बायकोला जपून राहा म्हणाला नाही, मला अभ्यास कर म्हणाला नाही. गाडी हलली तसा ओरडला, "रोज धूर द्या गो त्याला!" आम्ही दोघी घरात आलो. बाहेर सगळ्या झोपड्या बंद होत्या. आईनं चूल पेटवली, आणि रिकाम्या वाडीतून पहिल्यांदाच एका घराचा धूर वर जाऊ लागला.