धुरासाठी घेतलेलं बोअर

विंझरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. उन्हाळाभर खाली ओढ्यातून हंडे वाहायचे, म्हणून आमच्या पोरांना कुणी मुलगी देईना. माझ्या धाकट्या दिराला किकवीची एक पसंत पडली, तिलाही तो आवडला. पण तिचा बाप अडून बसला, "आदी पानी दावा, मग सुपारी फोडू."

त्याच सुमाराला वाडीत बोअरची गाडी आली. आम्ही बायकांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बरोबरच्या साहेबानं खोबरं मिटक्या मारत खाल्लं, पण बोअर कशासाठी, ते सांगायला मेल्याची जीभ उचलली नाही. दीर त्याच्याकडेच रोजानं लागला. आणि एका दुपारी पाणी लागलं! गढूळ का होईना, पाणी! सासूबाई तर रडल्याच. किकवीला निरोप गेला, रविवारी बघायला या.

शनिवारी साहेबानं सिमेंटच्या गोण्या उतरवल्या. तेव्हा कुठं तोंड उघडलं. म्हणे, लांब कुठंतरी कोळशाचा गॅस करणार, त्यावर वीज काढणार, आणि त्यातला घाण वायू हवेत न सोडता खोल कातळात कोंडणार. त्यासाठी आमचा कातळ तपासत होते. पाणी लागलं म्हणजे कातळ फुटका, वायू निसटणार. जागा नापास. आता भोक बुजवायचं. वा रे शहाणे! आमच्या वाडीत नुसते खांब, तारेचा पत्ता नाही. वीज दुसऱ्यांना, तिची घाण आमच्या पायाखाली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दिरानं हात जोडले. "सायेब, तुमाला नगं तर आमाला द्या की. हापसा आमी बसवू."

"नियमात बसत नाही. पाण्यासाठी वेगळा अर्ज करा."

अर्ज करून करून आमच्या चपला झिजल्या होत्या. आणि सिमेंट कालवायला गडी कोण? रोजावरचा दीरच. नाही म्हणाला असता तर आठवड्याची मजुरीही बुडाली असती.

रविवारी पाहुणे आले तेव्हा गाडी निघून गेली होती. मुलीच्या बापानं ओल्या सिमेंटात काठी टोचून बघितली.

"पानी लागलं व्हतं म्हनता. मग बुजवलं कुनी?"

साहेबाच्या सात पिढ्या उद्धरायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दीर पुढं झाला.

"म्या," म्हणाला.