डाव्या कोपऱ्याचा गडी

खेळता न येणाऱ्या माणसाला खेळावर बोलता फार येतं. मी त्यातला अव्वल होतो. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एक चहाचं हॉटेल होतं. गावातल्या कारखान्याच्या हुतूतू संघाचा कारभार तिथूनच चालतो, अशी आम्हा रिकामटेकड्यांची समजूत होती. टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडायच्या, सात इकडे, सात तिकडे, आणि कोणाला बसवायचं, कोणाला आणायचं यावर घसा बसेपर्यंत भांडायचं.

माझा थोरला भाऊ त्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचा. बदलापूरकडच्या आमच्या गावातून कारखान्याने त्याला खेळासाठीच उचललं होतं, पण बदली कामगार म्हणून. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर फाटकातूनच परत. हंगाम संपल्यावर काही खेळाडूंना कायम करणार, असं साहेब म्हणाले होते. दादा आणि वहिनी त्या एका कागदाकडे डोळे लावून बसले होते. मी त्यांच्याच खोलीत राहायचो, त्यांचंच जेवायचो, आणि दिवसा उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका सिंधी शेटच्या दुकानात कापडाची ठाणं उलगडायचो.

त्या साली संघाला नवा मास्तर आला. साताऱ्याकडचा, मोजकं बोलणारा. संघात गडी दहा आणि मैदानात सात, म्हणून त्याने चक्क पाळ्या लावल्या. या सामन्याला हे तिघे बाहेर, पुढच्याला दुसरे तिघे. पाळी आली की भला चढाईवालासुद्धा कडेला बसायचा. लागोपाठ दोन सामने हरलो आणि हॉटेल पेटलं. "पाळ्या लावायला हा काय खात्यातला मुकादम आहे?" असं टेबलावर हात आपटून म्हणणारा मीच.

कॅम्प एकच्या संघात एक सिंधी गडी होता. आमच्या दुकानासमोरच्या बराकीत राहायचा. हुतूतू इथे आल्यावर शिकला, पण त्याचा दम सुटायच्या आधी समोरचे सात जण दमायचे. त्या संघाला चांगला कोपरा हवा होता. म्हणजे एक द्या, एक घ्या. मी हे मांडलं तेव्हा एक म्हातारा फिटर बशीतला चहा फुंकत म्हणाला, "ह्यो कसला देतोय! कोपऱ्याला ह्याचा भाऊस हाय ना."

सगळे हसले. ते हसणं मला झोंबलं. मी डाव्या कोपऱ्याची काडी उचलून खाली टाकली. "खेळात भाऊबिऊ काही नसतं," मी म्हणालो. "दादाचा गुडघा गेलाय. वहिनी रोज तेल चोळते, मी बघतो ना."

घरातलं घरात ठेवावं, एवढी साधी अक्कल मला नव्हती. हॉटेलभर मान मात्र मिळाला. बघा, सख्ख्या भावालाही सोडत नाही, असं लोक म्हणाले आणि मी फुगलो.

हॉटेलातली मंडळी कारखान्याच्या साहेबांकडे गेली. मास्तर नको म्हणाला, त्याचं कोणी ऐकलं नाही. बराकीत निरोप घेऊन मीच गेलो. सिंधी गडी माझ्याकडे बघतच राहिला. "वो तो तेरा सगा भाई ना? घर में पूछा?"

"पूछा," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

दादा कॅम्पच्या संघात गेला. त्या संघामागे कारखाना नव्हता. इकडे त्याचं बदलीचं कार्ड गेलं, ते सिंध्याला मिळालं. हे असं होईल हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. ठाऊक होतं. वाद जिंकायच्या नादात मी ते बाजूला सारलं होतं.

पाळ्या मोडल्या, उरलेले पाचही सामने सिंधी गडी खेळला आणि आम्ही स्पर्धेची ढाल जिंकली. गुलालात मी नाचलो. आठवडाभराने मास्तर रस्त्यात भेटला. मी मोठ्या दिमाखात म्हणालो, "बघितलंत मास्तर? पाळ्या मोडल्या आणि जिंकलो."

तो शांतपणे म्हणाला, "हंगामात पाच सामने खेळलेला गडी कायम करायचा, असं ठरलं होतं. दहाही जणांचे पाच भरावेत म्हणून पाळ्या. तुमच्या भावाचे चार झाले होते."

तोवर दादा गावी परतला होता. मी गेलो तेव्हा भातकापणी चालू होती. तो गुडघा टेकून भारा बांधत होता.

"दादा, पाच सामन्यांचं तुला ठाऊक होतं?"

"व्हतं की. मास्तरनं समद्यांना सांगितलेलं. बाहेर बोलू नका म्हनलेला."

"मग मला तरी सांगायचंस."

"सांगनार व्हतो. पन तू घरी आलास का तुझंच चालू. कोनाला काढा, कोनाला घ्या." त्याने गाठ आवळली. "त्यो सिंधी कायम झाला का?"

"झाला."

"बरं झालं. मानूस तू बरोबर निवडलास. लई दमाचा गडी हाय."

टोमणा मारला असता तर मी सहन केला असता. पण दादाला टोमणे मारता येत नसत. तो खरंच माझं कौतुक करत होता.